खाऱ्या हवेतली स्पोर्ट्स कार
रायगडच्या किनाऱ्यावरील मालकांच्या देखभाल-विद्येचा आढावा

सुरूच्या झाडाखाली गाडी चार दिवस उभी राहिली, की वायपरखालच्या जाळीत सुरूच्या बारीक काड्या साचतात. नागाव, काशीद, मुरुड, कुठेही पाहा, हेच. त्या जाळीखाली पावसाचे पाणी वाहून जाण्यासाठी एक पन्हळ असते आणि तिच्या टोकाला बोटभर रुंदीची नळी. काड्या नळीच्या तोंडाशी अडकल्या, की पाणी तुंबते आणि वाट मिळेल तिथून गाडीच्या आत, पायाखालच्या गालिच्यात उतरते. साध्या गाडीत याचा परिणाम म्हणजे कुबट वास. पण जिच्या सीटखाली किंवा गालिच्याखाली इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाच्या पेट्या बसवलेल्या असतात, अशा स्पोर्ट्स कारमध्ये तेच पाणी फार मोठे बिल घेऊन येते. म्हणून या किनाऱ्यावर अशी गाडी सांभाळणारा माणूस नव्या मालकाला पहिली सूचना देतो ती इंजिनाबद्दलची नसते. तो सांगतो, ‘जाळी काढ आणि काड्या हाताने वेच. हवेचा झोत मारू नकोस, त्या नळीत आणखी आत जातात.’

गाडीबरोबर येणाऱ्या पुस्तिकेत हे वाक्य सापडत नाही. ती पुस्तिका मारानेल्लोत किंवा श्टुटगार्टमध्ये लिहिली जाते. तिथल्या लेखकासमोर कोकणचा पाऊस नसतो. ही माहिती मालकाकडून मालकाकडे, मिस्त्रीकडून मिस्त्रीकडे, चहाच्या कपावर पोहोचते. रायगडच्या किनाऱ्यावर स्पोर्ट्स कार आणि हौशीच्या जुन्या गाड्या राखणाऱ्यांमध्ये अशी जी विद्या जमा झाली आहे, तिच्यात एकमत कशावर आहे, मतभेद कुठे आहेत आणि काय अजून सुटलेले नाही, याचा हा आढावा.

गाड्या किनाऱ्यावर कशा आल्या

मांडवा, आवास, सासवणे, किहीम, अलिबाग या पट्ट्यात मुंबईकरांची घरे पूर्वीपासून आहेत. पण बुटकी, महागडी गाडी घेऊन इथे येण्याच्या भानगडीत फारसे कोणी पडत नसे. पनवेल, पेण, वडखळ असा शंभरेक किलोमीटरचा वळसा, त्यात मुंबई-गोवा महामार्गाचे 2011 पासून रेंगाळलेले काम आणि पावसाळ्यातले खड्डे. मार्च 2020 मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो बोट सुरू झाली आणि गाडीसकट तासाभरात पलीकडे उतरणे शक्य झाले. 12 जानेवारी 2024 रोजी अटल सेतूचे उद्घाटन झाले. 21.8 किलोमीटर लांबीच्या या पुलाचा सुमारे 16.5 किलोमीटर भाग समुद्रावर आहे आणि त्यावर मोटारींना ताशी 100 किलोमीटरची मर्यादा आहे.

या दोन सोयींमुळे गाड्या फिरायला येऊ लागल्या आणि काही इथेच मुक्कामाला राहू लागल्या. देखभालीचा खरा प्रश्न मुक्कामातून सुरू झाला. शनिवारी येऊन रविवारी परतणाऱ्या गाडीला मुंबईत गेल्यावर एक चांगली धुलाई पुरते. नारळी-पोफळीच्या वाडीत शेडखाली आठ-आठ महिने उभ्या असलेल्या गाडीचे गणित वेगळे असते.

फियाटची शाळा

गाडीचे दुखणे एकमेकांना सांगण्याची मराठी माणसाची सवय मात्र आयात गाड्यांहून जुनी आहे. ती शाळा भरली फियाटवर. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्यातील कारखान्यातून पन्नाशीच्या दशकात फियाट 1100 बाहेर पडू लागली. गोलसर नाकाच्या त्या गाडीला लोकांनी ‘डुक्कर फियाट’ म्हटले. 1964 मध्ये 1100 डिलाइट आली, पुढे 1974 पासून तीच गाडी ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने विकली गेली आणि 2000 च्या सुमारास उत्पादन थांबले. जवळजवळ अर्धे शतक एकाच घराण्याचे इंजिन रस्त्यावर होते. त्यामुळे पॉइंट कसे घासायचे, कार्बोरेटरचा जेट कसा फुंकायचा, दाराच्या तळाचा पत्रा सडू लागला की कुठे वाजवून पाहायचे, हे हजारो घरांत ठाऊक होते. कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात जो भाग मागाल तो मिळत असे.

या शाळेचा एक मोठा आधार टॅक्सीचा होता. पद्मिनी टॅक्सी चालत होत्या तोवर त्यांचे मिस्त्री आणि सुटे भाग टिकून होते. मुंबईत नोंदलेल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर 2023 अखेर संपली. हौशी मालकांच्या दृष्टीने त्या दिवशी एक पुरवठासाखळीच बंद झाली. आज पद्मिनी राखणाऱ्याला भागासाठी ओळखी काढाव्या लागतात आणि ओळख म्हणजे दुसरा मालकच असतो.

स्पोर्ट्स कारचा धडा याच शाळेच्या पुढच्या इयत्तेत आला. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस सॅन मोटर्सने ‘स्टॉर्म’ ही दोन आसनी, उघड्या छताची गाडी आणली. फायबरग्लासचे अंग, रेनोचे 1.2 लिटरचे, साधारण 60 अश्वशक्तीचे इंजिन, पाच गिअर आणि गोव्यात जुळणी. संख्येने ती फार थोडी बनली, पण कोकणच्या हवेसाठी तिच्यात एक लक्षवेधी गोष्ट होती: फायबर गंजत नाही. 2012 मध्ये डीसी डिझाइनची ‘अवंती’ दिल्लीच्या ऑटो एक्स्पोमध्ये दिसली. तिच्यातही रेनोचेच, दोन लिटरचे टर्बो इंजिन होते. या दोन्ही गाड्यांच्या मालकांना एक गोष्ट लवकर कळली. कंपनीचे जाळे विरळ असेल तर दुसरा मालक हाच सर्व्हिस मॅन्युअल असतो.

आयात स्पोर्ट्स कार सामान्य मराठी घरात चर्चेला आली ती बहुधा सचिन तेंडुलकर यांच्या लाल फेरारी 360 मॉडेनामुळे. 2002 मध्ये डॉन ब्रॅडमन यांच्या 29 शतकांची बरोबरी केल्याबद्दल मिखाएल शूमाकर यांच्या हस्ते ती त्यांना देण्यात आली आणि तिच्या आयातशुल्काच्या सवलतीवरून देशभर चर्चा झाली. तांत्रिक अंगाने पाहिले तर ही गाडी आपल्या विषयाला दुसऱ्या कारणाने जवळची आहे: पूर्णपणे अ‍ॅल्युमिनियमच्या सांगाड्यावर उभी असलेली ही फेरारीची पहिली मालिका. अ‍ॅल्युमिनियम तांबडे गंजत नाही. पण खाऱ्या हवेत ते निर्धास्तही राहत नाही. त्याकडे आता वळू.

जिथे एकमत आहे

किनाऱ्यावर लोखंड का सडते, याबद्दल वाद नाही. समुद्राच्या फुटत्या लाटांतून मिठाचे अतिसूक्ष्म कण हवेत चढतात आणि वाऱ्याबरोबर आत येतात. पहिल्या काही शे मीटरांत त्यांचा थर सर्वात दाट बसतो, पुढे तो झपाट्याने विरळ होतो. मिठाचा स्वभाव असा, की हवेतली सापेक्ष आर्द्रता सुमारे 75 टक्क्यांवर गेली की ते स्वतःच ओल ओढून पाघळते. रायगडच्या किनाऱ्यावर पावसाळाभर आणि एरवीही कित्येक रात्री आर्द्रता त्याहून वर असते. म्हणजे पाऊस नसला, गाडी शेडखाली कोरडी दिसत असली, तरी पत्र्यावर खाऱ्या पाण्याचा न दिसणारा पापुद्रा रात्रभर काम करत असतो.

या भागाला लोखंडाचा धडा नवा नाही. अलिबागच्या भूचुंबकीय वेधशाळेत 1904 पासून नोंदी होत आहेत. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची वेधशाळा इथे हलवली गेली आणि चुंबकसूची बिघडू नये यासाठी तिच्या इमारतींच्या बांधकामात लोखंड टाळले गेले. समोरच्या कुलाबा किल्ल्यावर मात्र चाकांवरच्या लोखंडी तोफा आजही उभ्या आहेत. ओतीव लोखंडाची जाडी एवढी, की वरचा थर खाऊनही आत भरपूर उरते. गाडीचा पत्रा एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो. तोफेला जी गोष्ट वरवरची, ती गाडीला आरपार भोक पाडणारी.

यातून निघालेल्या काही सूचना सगळे मालक, सगळे मिस्त्री आणि कंपनीचे तंत्रज्ञही एकमुखाने देतात.

पहिली, गोड्या पाण्याने धुणे, आणि तेही खालून. चाकांवरच्या कमानी, दारांचे तळ, सस्पेन्शनचे हात. दाराच्या खालच्या कडेला पाणी निथळण्यासाठी छोटी छिद्रे असतात. वाळू आणि जुना मेणचट मळ यांनी ती बुजली, की दार आतून सडते आणि रंगावर फोड आला तेव्हाच कळते. प्लास्टिकच्या काडीने ती मोकळी करणे हे पाच मिनिटांचे काम आहे.

दुसरी, ब्रेक ऑइल. ग्लायकॉल असलेले ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते. डॉट 4 प्रतीच्या ऑइलचा उत्कलनबिंदू ताजे असताना किमान 230 अंश सेल्सिअस असावा लागतो, ओल शोषल्यावर ही मर्यादा 155 पर्यंत खाली येते. वेगवान गाडीचे ब्रेक तापतात, आणि उकळलेल्या ऑइलवर पॅडल थेट तळाला जाते. म्हणून दमट किनाऱ्यावर ऑइल बदलण्याची दोन वर्षांची मुदत कोणी ताणू नये.

तिसरी, वयाचा हिशेब किलोमीटरवर करू नये. 360 मॉडेनाचा टायमिंग बेल्ट रबरी आहे. गाडी चालो न चालो, तो वर्षांनी म्हातारा होतो. टायरवरही आठवडा आणि वर्ष सांगणारे चार अंक छापलेले असतात: ‘2319’ म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. नक्षी नवी दिसते म्हणून टायर नवा होत नाही.

चौथी, दोन धातूंची सोयरीक. ओल आणि मीठ यांच्या सोबतीत अ‍ॅल्युमिनियमला पोलाद टेकले, की अ‍ॅल्युमिनियम पांढऱ्या भुकटीसारखे झिजते. गंजतो म्हणून साधा बोल्ट काढून स्टेनलेसचा लावण्याची हौस इथे अनेकांना महाग पडते. स्टेनलेस स्वतः चमकत राहते आणि शेजारच्या अ‍ॅल्युमिनियमला खाते. मध्ये योग्य वॉशर आणि ग्रीस हवेच.

वाद पहिला: चालवावी की झाकून ठेवावी

मतभेद सुरू होतात ते इथून. एका गटाचे म्हणणे असे, की गाडी आठवड्यातून एकदा तरी वीस-तीस किलोमीटर पळालीच पाहिजे. तेवढ्या अंतरात तेल पुरते तापते, इंजिनातली आणि सायलेन्सरमधली ओल उडून जाते, ब्रेकच्या तबकड्यांवरचा तांबूस गंज घासला जातो, रबरी सील ओले राहतात, बॅटरी भरते. अलिबाग-रेवदंडा-मुरुड रस्ता सकाळी सहाला मोकळा असतो, पावसातही.

दुसरा गट म्हणतो, मृगापासून नारळी पौर्णिमेपर्यंत चाक बाहेर पडू नये. एका फेरीत उडालेला चिखल पोकळ्यांत शिरतो आणि वाळायला आठवडा घेतो. त्यापेक्षा बंद खोली, ओल शोषणारे यंत्र, बॅटरीला सावकाश भरणारा चार्जर, टायरमध्ये नेहमीपेक्षा थोडी जास्त हवा आणि हँडब्रेक न ओढता चाकाखाली लाकडी ठोकळा. हँडब्रेक ओढून ठेवला तर पॅड तबकडीला चिकटतात.

दोन्ही बाजूंना आधार आहे, आणि दोन्हींना मर्यादा. चालवण्याची बाजू घेणाऱ्याकडे फेरीनंतर धुण्याची शिस्त लागते; ती नसेल तर चालवणे हेच नुकसान ठरते. झाकून ठेवण्याची बाजू विजेवर अवलंबून आहे. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर धडकले, तेव्हा शेडवर पोफळी आडव्या झाल्या आणि अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. चार्जर आणि यंत्र यांवर उभी असलेली योजना तिथेच थांबली.

एका गोष्टीवर मात्र दोन्ही गट सहमत आहेत. ‘जरा स्टार्ट करून ठेव’ म्हणून रखवालदाराकडून रोज पाच मिनिटे इंजिन चालवून घेणे सर्वात वाईट. इंजिन पुरते तापत नाही, ज्वलनातले पाणी सायलेन्सरमध्ये आणि तेलात साठते, बॅटरीतून गेले तेवढेही परत भरत नाही. तसेच प्लास्टिकचे आवरण. ते पाऊस बाहेर ठेवते आणि ओल आत. हवा खेळणारे कापडी आवरण आणि वर छप्पर, हेच योग्य.

वाद दुसरा: अधिकृत केंद्र की ओळखीचा मिस्त्री

मोठ्या आयात ब्रँडची केंद्रे मुंबई परिसरात आहेत, किनाऱ्यावर नाहीत. अधिकृत केंद्राची बाजू भक्कम आहे. निदानाची यंत्रे, सॉफ्टवेअर, मूळ सुटे भाग, वॉरंटी आणि पुढे गाडी विकताना कामी येणारा नोंदीचा कागद तिथेच मिळतो. दुहेरी क्लचचा गिअरबॉक्स किंवा एअरबॅगचा दोष झाडाखाली बसून सोडवण्याचा विषय नव्हे.

मिस्त्रीची बाजू अनुभवाची आहे. अलिबाग, रेवदंडा, मुरुड, श्रीवर्धनच्या मिस्त्रींनी आयुष्यभर खारे लोखंड हाताळले आहे: टेम्पो, जीप, मच्छिमार बोटींची डिझेल इंजिने. सडलेला बोल्ट न तोडता कसा सोडवायचा, ब्रेकची नळी बाहेरून बरी दिसत असताना क्लिपखाली कशी झिजते, हे ते बोटाने दाखवतात. बंदरावर फायबरच्या होड्यांना ठिगळ लावणाऱ्या कारागिराकडे जी जाळी आणि जे रेझिन असते, त्याच जातीच्या मालाने स्टॉर्मसारख्या गाडीचा तडकलेला मडगार्ड सांधता येतो. होडीचे काम जाड आणि गाडीचे नाजूक, एवढा फरक सांभाळावा लागतो.

व्यवहारात बहुतेक मालक कामाची वाटणी करतात. विजेचे आणि सॉफ्टवेअरचे काम मुंबईला, रबर-ब्रेक-पत्रा इथे. या वाटणीत अडथळा येतो तो माहितीचा. दुरुस्तीच्या तपशीलवार पुस्तिका आणि निदानाचे संकेतांक स्वतंत्र मिस्त्रीला सहज मिळत नाहीत. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने 2012 मध्ये मोटारींपुरता दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै 2022 मध्ये ‘राइट टू रिपेअर’साठी समिती नेमली, तिच्या कक्षेत मोटारी आहेत. पुढे संकेतस्थळही आले. सक्तीचा कायदा हा यातला पुढचा टप्पा आहे.

वाद तिसरा: मूळ रूप की सोयीचा बदल

जुन्या गाड्यांच्या जागतिक महासंघाने, म्हणजे फिव्हाने, 2012 मध्ये टुरिन सनद स्वीकारली. तिचा गाभा असा: ऐतिहासिक वाहन शक्य तितके मूळ साहित्यासह राखावे, आवश्यक बदल पुन्हा काढता येतील असे आणि नोंद करून करावेत. मूळ रूपाच्या पुरस्कर्त्यांचा हा पाया. त्यांच्या मते पद्मिनीला आधुनिक इग्निशन लावली, की ती चालते चांगली, पण ती कशी चालत होती हे कळायची सोय जाते.

सोयीच्या बाजूचे म्हणणे सुरक्षिततेचे आहे. आजच्या वाहतुकीत जुने ड्रम ब्रेक पुरत नाहीत, मंद दिवे वडखळच्या ट्रकांपुढे दिसत नाहीत. शिवाय रस्ता. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गोल गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच असावा. गावोगावी दिसणारे कितीतरी गतिरोधक याहून अरुंद आणि टोकदार आहेत. जमिनीपासून बारा-तेरा सेंटिमीटरवर पोट असलेली गाडी त्यांवर घासते. म्हणून स्प्रिंगखाली रबर घालून गाडी उचलण्याचा सल्ला दिला जातो. विरोधक सांगतात, त्याने चाकांचे कोन आणि वळणावरची पकड बदलते.

याच वादाची किनारी आवृत्ती म्हणजे तळाला लावायचा थर. जाड रबरी लेपाचे समर्थक खडी आणि वाळूपासूनच्या संरक्षणाचा दाखला देतात. मेणाचे किंवा लोकरीच्या चरबीपासून काढलेल्या लॅनोलिनचे समर्थक म्हणतात, रबरी लेपाला एक चीर पडली की पाणी आत कोंडते आणि पत्रा झाकल्या अंगाने सडतो. मेण दरवर्षी लावावे लागते, पण खाली काय चालले आहे ते दिसते. कोळीवाड्यातली रीत दुसऱ्या बाजूच्या जवळची आहे. 1 जूनला मासेमारी बंदी लागते, होड्या वर ओढल्या जातात, तळ खरवडून पुन्हा लेप लागतो. दरवर्षी उघडून पाहण्याचा हा नेम गाडीवाल्यांनी उचलावा असाच आहे. नव्या गाड्यांत हा वाद सौम्य होतो. पोर्शने 911 च्या अंगासाठी जस्ताचा थर असलेला पत्रा 1976 च्या मॉडेलपासूनच वापरायला घेतला.

वाद चौथा: पेट्रोलातले इथेनॉल

20 टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट आधी 2030 चे होते. ते अलीकडे आणून 2025-26 करण्यात आले. एप्रिल 2023 पासून बनलेल्या गाड्यांचे साहित्य या इंधनाला चालणारे आहे. अडचण आधीच्या गाड्यांची. नीती आयोगाच्या 2021 च्या आराखड्यातच अशा चारचाकींच्या इंधनक्षमतेत 6 ते 7 टक्के घट होईल असा अंदाज होता. सरकारची भूमिका अशी, की घट मर्यादित आहे, जुन्या गाड्यांतले काही रबरी भाग बदलले की पुरे, आणि प्रदूषण, आयातखर्च व ऊस-मका उत्पादकांचा लाभ यांपुढे ही किंमत कमी आहे.

मालकांची चिंता साठवणीची आहे. इथेनॉल पाणी ओढते. रोज चालणाऱ्या गाडीत इंधन टिकतच नाही, म्हणून प्रश्न येत नाही. पण आवासच्या शेडमध्ये चार महिने उभ्या गाडीच्या टाकीत, विशेषतः हवेशी थेट संपर्क असलेल्या जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत, पाणी तळाशी वेगळे होण्याचा धोका असतो. काही जण टाकी काठोकाठ भरून ठेवतात, म्हणजे ओलसर हवेला जागा उरत नाही. काही जण जवळजवळ रिकामी ठेवतात, म्हणजे बिघडलेले इंधन थोडे आणि ताजे भरता येते. बंद प्रणालीच्या नव्या गाडीला पहिला उपाय सोयीचा. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत दुसऱ्यालाही आधार आहे. इथेनॉल सोसणारे नवे इंधन-पाइप मात्र दोघांनाही हवेत. जुना पाइप मऊ पडून पाझरला तर गोष्ट आगीवर जाते.

कायद्याची चौकट

जुलै 2021 च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या, फारसा बदल न केलेल्या खासगी वाहनांना ‘व्हिंटेज’ मानले. त्यांच्या पाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात, नवी नोंदणी 20,000 रुपये आणि दहा वर्षांची, नूतनीकरण 5,000 रुपये. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन अशा कारणांपुरतीच रस्त्यावर आणता येते. फिव्हा तीस वर्षांपासून वाहनाला ऐतिहासिक मानते. दोन्हींमधली वीस वर्षे आपल्याकडे कुठल्याच कप्प्यात बसत नाहीत, आणि स्टॉर्म, शेवटच्या पद्मिनी, नव्वदीतल्या आयात गाड्या अशा कितीतरी गाड्या याच पट्ट्यात आहेत किंवा येऊ घातल्या आहेत. त्यांना पंधरा वर्षांनंतर सामान्य गाडीसारखीच पुनर्नोंदणी करावी लागते. वीस वर्षांवरील गाड्यांसाठी तिचे शुल्क ऑगस्ट 2025 मध्ये 10,000 आणि आयात चारचाकींसाठी 80,000 रुपये झाले.

बदलांच्या बाबतीत मोटार वाहन कायद्याचे कलम 52 लागू होते. उत्पादकाच्या मूळ वैशिष्ट्यांशी विसंगत बदल चालणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केले. एकमेकांना सायलेन्सर किंवा इंजिन बदलण्याचा सल्ला देताना ही बाब अनेकदा सांगायची राहते.

गाडी, किनारा आणि गाव

2024 सरता सरता रेवदंड्याच्या किनाऱ्यावर एक फेरारी वाळूत रुतली. धक्के देऊन निघेना, तेव्हा दोर बांधून बैलगाडीने ती ओढून काढली. चित्रफीत देशभर पाहिली गेली. देखभालीच्या अंगाने तिच्यात दोन धडे आहेत. रुंद, गुळगुळीत टायर आणि पोटाखालचे सपाट पत्रे ओल्या वाळूवर गाडीला बसवतात. चाक फिरवत राहिले की ती आणखी खाली जाते. आणि दोर कुठे बांधायचा हे आधी माहीत हवे. ओढण्याची कडी बहुतेक वेळा हत्यारांच्या पिशवीत सुटी असते, बंपरमागे आट्यांनी बसते आणि काही जर्मन गाड्यांत ते आटे उलटे असतात. सस्पेन्शनला दोर बांधला तर गाडी निघते, पण वाकून.

नंतरचे काम मोठे. पोटाखालचे पत्रे उतरवून वाळू काढणे, ब्रेक आणि रेडिएटर कमी दाबाच्या गोड्या पाण्याने धुणे. हा सगळा खटाटोप टळतो तो गाडी रस्त्यावर ठेवल्याने. किनाऱ्यावर वाहने नेल्याबद्दल जिल्ह्यात गुन्हे दाखल होतात, आणि त्यामागे पर्यटकांच्या सुरक्षिततेइतकेच दुसरेही कारण आहे. हरिहरेश्वर, दिवेआगरसारख्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे हिवाळ्यात अंडी घालतात. रुतलेली गाडी ओढायला गावच धावून येतो. त्या गावाचा किनारा सांभाळणे हे मालकांच्या शिस्तीत आलेच.

काय सुटलेले नाही

वरच्या चित्रात चार जागा मोकळ्या दिसतात. तळाचा कोणता थर या हवेत किती वर्षे टिकतो, याची शेजारीशेजारी ठेवून केलेली तुलना हातात नाही. इथेनॉल आणि दीर्घ साठवण यांच्या एकत्रित परिणामावरही आज मते आहेत, मोजमापे नाहीत. पंधरा ते पन्नास वर्षांच्या हौशी गाड्यांना कायद्यात स्वतंत्र जागा नाही. आणि कार्बोरेटर जुळवणारा मिस्त्री साठीला आला आहे; त्याच्या हाताखाली बसायला मुलगा नाही, कारण त्या कामावर घर चालत नाही.

पाचवी अडचण या विद्येच्या आतच आहे. मालक जमलेले काम आनंदाने सांगतो, फसलेले लपवतो. सडलेला पत्रा कबूल केला तर गाडीची किंमत पडते. त्यामुळे फिरत राहतात ते यशाचे किस्से, आणि नवा मालक तोच चुकीचा लेप पुन्हा लावतो.

या आढाव्यातून निघणारा निष्कर्ष साधा आहे. धुणे, निथळणे, वयानुसार भाग बदलणे आणि धातूंची सांगड यांबाबत मालकांची विद्या शास्त्राशी जुळते आणि निःशंकपणे पाळावी. थर, साठवण आणि इंधन यांबाबत ती अजून अंदाजाच्या पायरीवर आहे. ती पायरी ओलांडायला प्रयोगशाळा लागत नाही, वही लागते. प्रत्येक मालकाने एक ठेवावी. गाडी समुद्रापासून किती अंतरावर उभी असते, कोणत्या तारखेला काय लावले, कोणत्या मिस्त्रीने केले, आणि पुढच्या पावसाळ्यानंतर उघडून पाहिले तेव्हा काय दिसले. फसले असेल तर फसले असे लिहावे. दसऱ्याला गाडी धुऊन हार घालतोच. त्या दिवशी ती वही उघडून दोन मालकांनी आणि एका मिस्त्रीने एकत्र वाचावी.